तीन मिनिटांत एकोणनव्वद फेरे

काटेसाहेब जॅझच्या रेकॉर्डी शोधायला बाहेर पडले ते एका मंगळवारी, रीतसर अर्ध्या दिवसाची रजा टाकून. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी आधी ‘खाजगी’ लिहिलं. मग खाजगी म्हणजे नेमकं काय, हे त्यांचं त्यांनाच पटेना, म्हणून ते खोडून ‘संगीतविषयक’ असं लिहिलं आणि खाडाखोडीपुढे छोटी सही केली. हेडक्लार्क बाईंनी तो अर्ज दोनदा वाचला आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. बावीस वर्षांत या माणसाला त्यांनी साधं गुणगुणतानाही ऐकलेलं नव्हतं.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि बाजारातल्या दुकानदारांनी तराजूच्या काट्यावरून त्यांना हे नाव बहाल केलं होतं. ते पेठेच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकापर्यंतची वजनं पुसली जात. लाच घेत नसत, चहा घेत नसत, आणि ‘साधारण’ हा शब्द तर अजिबात चालवून घेत नसत. कोणी म्हणालं, साधारण पाच मिनिटांत येतो, की ते विचारणार, म्हणजे चार की सहा? त्यांची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत मोजून थेंब घातल्यावर घरी आणखी मोजमाप तिला सोसत नसे. भाजीत मीठ किती घातलंस, असं त्यांनी विचारलं की ती ‘घातलंय’ एवढंच सांगायची.

अशा माणसाला हिपहॉपचं वेड कुठून लागलं, असं तुम्ही विचाराल. सांगतो. घरातल्या संगणकावर लेकीने बीट बनवायचं सॉफ्टवेअर घालून ठेवलं होतं. लेक कॉलेजात होती आणि रॅप करायची. रॅप म्हणजे ठेक्यावर भरभर बोलणं, आणि बीट म्हणजे तो ठेका, इतपत काटेसाहेबांना ठाऊक होतं. एक दिवस खात्याचं परिपत्रक शोधताना चुकून ते सॉफ्टवेअर उघडलं गेलं आणि समोर आले सोळा चौकोन, एका ओळीत, सगळे तंतोतंत सारखे. एका चौकोनावर टिचकी मारली की धप्प, दुसऱ्यावर मारली की टक्क. काटेसाहेबांना भरून आलं. जगात एवढं समान अंतर राखणारी वस्तू असेल आणि ती आपल्याच घरात असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. परिपत्रक राहिलं बाजूला. महिन्याभरात त्यांनी एकतीस बीट तयार केले आणि प्रत्येकाला क्रमांक, तारीख घालून ठेवली.

ते कोणाला ऐकवले मात्र नाहीत. ऐकवायचे असतील तर लेकीला, आणि तिथेच तर घोडं अडलं होतं.

लेक शाळेत असताना शाळेच्या जत्रेत तिने रंगीत फितींचं दुकान मांडलं होतं. एक मीटर फीत, स्वतः कापलेली, स्वतः गुंडाळलेली. काटेसाहेब सहकुटुंब गेले, कौतुकाने एक फीत विकत घेतली, आणि हाताला लागलेली सवय, खिशातली टेप काढून मोजली. तीन सेंटिमीटर कमी भरली. मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या मते कर्तव्य होतं. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून अकरा गिऱ्हाइकांना परत बोलावलं, आणि दुकान बंद करून टाकलं. बारा वर्षांची पोर टेबलाखाली जाऊन बसली ती बायकोने ओढून काढेपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवसापासून लेक वडिलांना काहीही दाखवत नसे. चित्र नाही, निबंध नाही, गाणं तर नाहीच. भांडत नसे. विचारलं तर नीट उत्तर द्यायची. पण दाखवत नसे. काटेसाहेब ती जत्रा कधीच विसरून गेले होते. ती विसरली नव्हती.

तर त्या सुमारास कॉलेजांची रॅपची स्पर्धा जाहीर झाली, आणि लेकीला बीट करून देणारी मैत्रीण परीक्षेचं कारण सांगून मोकळी झाली. लेक तोंड पाडून बसली. तेव्हा काटेसाहेबांनी मनाचा हिय्या केला आणि बीट क्रमांक एकोणीस तिच्या पुढ्यात वाजवला. तिने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, “बाबा, बरोबर आहे सगळं. पण हलत नाही.”

आता बरोबर आहे पण हलत नाही, ही काही तक्रार झाली? काटेसाहेबांच्या खात्यात तर न हलणं हाच चांगल्या काट्याचा गुण. पण लेक चार वाक्यं सलग बोलत होती, असं सात वर्षांत झालं नव्हतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. ती सांगत होती की मुरलेले बीटवाले जुन्या रेकॉर्डी धुंडाळतात, जॅझच्या जास्त करून, आणि त्यातला दोन-चार सेकंदांचा तुकडा कापून तो पुन्हा पुन्हा फिरवतात. त्या तुकड्यात जीव असतो. काटेसाहेब म्हणाले, मी आणतो. लेक म्हणाली, स्पर्धा पुढच्या रविवारी आहे, शुक्रवारपर्यंत आणलात तर बघू, नाहीतर इंटरनेटवरचा तयार घेईन. काटेसाहेबांना त्यातलं ‘बघू’ तेवढं ऐकू आलं.

आता प्रश्न असा की जॅझ म्हणजे काय. समोरच्या घरात निवृत्त पोस्टमास्तर राहत. जगातली कुठलीही गोष्ट आपल्या हातून एकदा तरी टपालात पडून गेलेली आहे, असा त्यांचा समज होता. ते म्हणाले, सोपं आहे, वेष्टनावर गाल फुगवलेला माणूस बघायचा. फुगलेले गाल म्हणजे जॅझ. काटेसाहेबांनी हे वहीत टिपून घेतलं आणि त्या मंगळवारी गावातल्या तीन दुकानांतून फुगलेल्या गालांच्या तीन रेकॉर्डी आणल्या. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. पोस्टमास्तरांच्या माळ्यावर होतं, ते खाली काढताना त्यांच्या सुनेच्या लोणच्याच्या दोन बरण्या गेल्या, पण यंत्र शाबूत राहिलं. पहिल्या रेकॉर्डमध्ये एक माणूस अनोळखी भाषेत श्वासाचे व्यायाम शिकवत होता. दुसरीत पाणपक्ष्यांचे आवाज होते. तिसरीतल्या माणसाचे गाल खरोखरच दातदुखीने फुगलेले होते. ती दंतवैद्यांच्या कुठल्याशा परिषदेतली भाषणं होती. पोस्टमास्तर म्हणाले, छपाईची चूक असणार.

बुधवारी काटेसाहेबांनी पुन्हा अर्धी रजा टाकली. आता उरलं होतं ते एकच दुकान, आणि तिथे जायला त्यांचे पाय धजत नव्हते. जुन्या सामानाच्या त्या दुकानाचा मालक पूर्वी रद्दीचा व्यापार करत असे. सात वर्षांपूर्वी काटेसाहेबांनी त्याच्या तराजूत चाळीस ग्रॅमची खोट पकडून त्याला सील ठोकलं होतं. त्या माणसाने तेव्हाच शपथ घेतली की यापुढे वजन करून काही विकायचं नाही. तेव्हापासून तो खुर्च्या, घड्याळं, दिवे, रेकॉर्डी असल्या वस्तू नगावर विकत असे. काटेसाहेबांना दारात बघताच तो उभा राहिला आणि म्हणाला, “सगळं नगावर आहे साहेब. मोजून घ्या.”

काटेसाहेब म्हणाले, मी गिऱ्हाईक म्हणून आलोय. दुकानदाराचा यावर काडीचा विश्वास बसला नाही, पण त्याने रेकॉर्डींचा खोका पुढे ओढला. वेष्टनं बरीचशी उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे गालांची सोय नव्हती. दुकानातल्या यंत्रावर एकेक लावून ऐकणं भाग होतं. चौदा रेकॉर्डी झाल्या. पंधराव्या रेकॉर्डवरचा कागद झिजून गेला होता आणि ‘दुसरी बाजू’ एवढंच वाचता येत होतं. त्यावर पियानो सुरू झाला. मागे तो जाड तारांचा उभा बाजा, आणि दोघेही घाई नसल्यासारखे चालत होते. मिनिटभरानंतर एक जागा आली. तिथे पियानो क्षणभर अडखळल्यासारखा झाला, बाजा त्याच्यासाठी थांबला, आणि मग दोघे मिळून पुढे निघाले. काटेसाहेबांच्या मानेवर काटा आला. त्यांनी ती जागा सहा वेळा लावून ऐकली. दुकानदार समोर स्टुलावर अंग चोरून बसला होता. असली तपासणी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

रेकॉर्ड काखोटीला मारून काटेसाहेब घरी आले. पोस्टमास्तरांचं यंत्र त्यांनी आधी तपासून घेतलं. अशी रेकॉर्ड तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे घेते. कागदावर एक चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, तो समोरून गेला की मोजायचं, हाताशी खात्याचं स्टॉपवॉच. शंभर भरले. समाधानाने त्यांनी सुई टेकवली, आणि ऐकतात तो काय, पियानोवाल्याची बस सुटत असावी अशी धावपळ चाललेली. ती अडखळण्याची जागा आली आणि गेली, कोणी कोणासाठी थांबलं नाही. लेक दारातून जाता जाता थबकली, ऐकलं, आणि आत निघून गेली. ते निघून जाणं काटेसाहेबांना फार लागलं.

माल बदलला, ही त्यांची पहिली शंका. बावीस वर्षांच्या अनुभवाने माणसाचा स्वभाव असाच होतो. गुरुवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी ते तडक दुकानात गेले आणि अत्यंत सभ्य शब्दांत दुकानदाराला लबाड म्हणाले. दुकानदाराने रेकॉर्ड हातातून घेतली आणि आपल्या यंत्रावर लावली. तोच पियानो, तीच जागा, तोच मानेवरचा काटा. काटेसाहेबांनी खिशातून चिकटपट्टी आणि स्टॉपवॉच काढलं. तीन मिनिटं दुकानात सुईची खरखर आणि त्यांचं पुटपुटणं, याखेरीज काही नव्हतं. शेवटी ते मोठ्याने म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी.”

शंभरला अठ्ठ्याऐंशी. यंत्राचा रबरी पट्टा जुना होऊन सैल पडला होता आणि रेकॉर्ड मागे रेंगाळत होती. म्हणजे जगातलं सगळ्यात सुंदर जे काही काटेसाहेबांच्या कानावर पडलं होतं, ते शेकडा बाराने कमी माप होतं. हे त्यांना पचायला जड गेलं. त्याच गोंधळात ते नमस्कार करून बाहेर पडले. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं आहे, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आता हुशार वाचक म्हणेल, त्यात काय, संगणकावर वेग कमी करायचा. काटेसाहेबही तेच म्हणाले. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा त्यांनी पोस्टमास्तरांच्या यंत्रावरून तो तुकडा संगणकात घेतला आणि बरोबर अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर आणला. पियानो हळू झाला, पण अंत्ययात्रेत चालल्यासारखा हळू. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सैल पट्टा सारखा मंद फिरत नाही. तो घसरतो, पकडतो, पुन्हा घसरतो. संगणक मंद करतो तेही काटेकोर मंद करतो. बरोबर आहे पण हलत नाही, ते हेच. तो पट्टा, आणि तोच पट्टा, हवा होता.

लेकीचा छोटा मायक्रोफोन तिला न विचारता पिशवीत घालून ते पुन्हा दुकानात धावले. दुकानदार दारातच हसतमुखाने उभा होता. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या जिवात जीव आल्यासारखा दिसत होता. त्याने यंत्र पुढे केलं. नवा कोरा पट्टा. वर रेडिओ दुरुस्तीवाल्याने शिक्क्यानिशी लिहून दिलेलं की वेग तपासला, नियमाप्रमाणे आहे. “शंभर भरतात साहेब,” तो म्हणाला. “एकही कमी नाही. मोजून घ्या.”

काटेसाहेबांनी मोजून घेतले. शंभर भरले. त्या दिवशी त्यांना शंभर या आकड्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुठल्याच आकड्याचा आला नसेल.

जुना पट्टा कुठे आहे, असं त्यांनी जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं. तर रेडिओ दुरुस्तीवाल्याने तो परत दिला होता, कारण बदललेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत द्यावेत, अशी पाटी त्याच्या दुकानात होती, आणि ती काटेसाहेबांनीच मागे लागून लावायला लावली होती. आणि दुकानदाराने तो पट्टा, साहेबांचा गैरसमज नको म्हणून, तासाभरापूर्वी स्वतः जाऊन वजनमापे कार्यालयात जमा केला होता. सोबत अर्ज जोडला होता की, मी स्वखुशीने कळवतो की माझ्या यंत्राचा दोषी पट्टा सादर करीत आहे, तरी दयाबुद्धीने विचार व्हावा.

काटेसाहेब ऑफिसात पोचले तेव्हा पट्ट्याला आवक क्रमांक पडला होता. हेडक्लार्क बाईंनी तो पाकिटात घालून, लाखेचं सील मारून, जप्त मालाच्या कपाटात ठेवला होता. जमा झालेली खोटी मापं दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नष्ट करण्यात येत. वजनं वितळवत, टेपा आणि रबरी सामान कापून टाकत. शेवटचा शुक्रवार म्हणजे उद्याच. पट्टा परत मागण्याची सोय नव्हती, कारण खोटं ठरलेलं माप कोणत्याही कारणास्तव पुन्हा वापरात देऊ नये, असा शेरा खात्याच्या नियमपुस्तकात होता. हा शेरा घालावा म्हणून अकरा वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाला सात पत्रं कोणी लिहिली होती, याची हेडक्लार्क बाईंनी त्यांना आठवण करून दिली नाही. बाई मनाने चांगल्या होत्या.

कपाटाची किल्ली काटेसाहेबांच्याच जुडग्यात होती. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते कपाटासमोर उभे राहिले. किल्ली लावली, दार उघडलं. पाकीट वरच्याच कप्प्यात होतं, पापडासारखं हलकं. खिशात घालायचा अवकाश. घरी लेक इंटरनेटवर तयार बीट ऐकत बसली असणार, आणि उद्या शुक्रवार. काटेसाहेबांचा हात पाकिटापर्यंत गेला. बावीस वर्षांत त्या कपाटातून टाचणीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. त्यांनी दार लावलं, किल्ली फिरवली, आणि खुर्चीवर येऊन बसले. त्यांना रडू आलं असतं, पण कारण कोणत्या रकान्यात घालायचं हे कळेना.

मग दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. एकशे बेचाळिसाव्या पानावर, कोणी कधी न वाचलेल्या जागी, एक कलम सापडलं. माप नष्ट करण्यापूर्वी निरीक्षकाची इच्छा असल्यास मालकासमक्ष अखेरची चाचणी घ्यावी, मोजणी मोठ्याने करावी, आणि दोषाचा पुरावा जतन करून फायलीस जोडावा. काटेसाहेबांनी ते तीनदा वाचलं. निरीक्षकाची इच्छा. एवढ्या वर्षांत त्यांची कधी तशी इच्छाच झाली नव्हती.

घरी गेल्यावर मायक्रोफोन नेल्याचं उघडकीला आलं. लेक म्हणाली, तो असा पिशवीत कोंबायची वस्तू नाही, माझा मायक्रोफोन जिथे जाईल तिथे मी जाणार. बायको म्हणाली, अहो, घेऊन जा तिला, तुम्हाला त्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते तरी कळतं का.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयाच्या चाचणी खोलीत दुकानदार यंत्र छातीशी धरून हजर झाला. पितळी वजनांच्या रांगेपुढे ते टेबलावर ठेवलं. सील फोडलं, पट्टा चढवला. हेडक्लार्क बाई साक्षीदार म्हणून बसल्या. लेकीने मायक्रोफोन मांडला आणि भिंतीशी उभी राहिली. वडिलांचं ऑफिस तिने पहिल्यांदाच बघितलं होतं. आता दोष ऐकू येण्यासाठी यंत्रावर रेकॉर्ड लावणं ओघानेच आलं, आणि कोणती लावावी याविषयी नियम गप्प होता.

सुई टेकली. काटेसाहेबांनी स्टॉपवॉच दाबलं आणि मोजायला सुरुवात केली. कलमाप्रमाणे मोठ्याने, कामकाजाच्या आवाजात. एक. दोन. तीन. पियानोवर त्यांचा आवाज हातोडीसारखा पडत होता. लेकीने कपाळावर हात मारला, पण नियम म्हणजे नियम. वीस झाले, पंचवीस झाले, ती जागा जवळ आली. पियानो अडखळला, बाजा थांबला. दुकानदार मान खाली घालून ऐकत होता. हेडक्लार्क बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. मग पियानो आणि बाजा पुन्हा चालू लागले, आणि काटेसाहेब मोजत राहिले. तीन मिनिटं संपली तेव्हा आकडा आला एकोणनव्वद. काल दुकानात अठ्ठ्याऐंशी होते. एक जास्त कसा, या विचाराने त्यांच्या कपाळाला आठी पडली. फेरमोजणी करू म्हणून त्यांनी सुई उचलली, इतक्यात जुन्या पट्ट्याने मान टाकली. मधोमध तुटून तो टेबलावर पडला. नष्ट करायचं काम तेवढं वाचलं. काटेसाहेबांनी अहवालात ‘एकोणनव्वद’ लिहिलं आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते लेकीला म्हणाले की सगळा तुकडा आपल्या आवाजाने वाया गेला, माझं चुकलं, तू तयार बीट घे. मनापासून बोलले. लेकीने कानाला हेडफोन लावले होते आणि ती पायरीवर बसून तीच जागा पुढे-मागे करत होती. बऱ्याच वेळाने तिने एक हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

“ऐका. अठ्ठावीस. आणि मग?”

काटेसाहेबांनी ऐकलं. अठ्ठावीस. मग पियानो. मग तीस. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. अठ्ठावीस, पियानो, तीस. एकोणतीस नव्हताच. तो सरळ गिळला गेला होता, एकोणतिसाव्या फेऱ्यालाच तीस म्हटलं गेलं होतं, आणि पुढची सगळी मोजणी एकाने पुढे सरकली होती. म्हणजे फेरे अठ्ठ्याऐंशीच होते, आणि सहीनिशी दिलेला अहवाल चुकीचा होता. काटेसाहेब घामाघूम झाले. ते घाईघाईने म्हणाले, मी एकोणतीस वेगळं म्हणून देतो, स्वच्छ आवाजात, तू मध्ये जोड.

“नको बाबा,” ती म्हणाली. “ते हलतंय तिथेच.” मग तिने विचारलं, “कुठे होता तुम्ही? एकोणतीसला?”

काटेसाहेबांनी खरंच आठवून पाहिलं. “ऐकत होतो,” ते म्हणाले.

रविवारी सभागृहात म्हणे तीनशे खुर्च्या होत्या. काटेसाहेबांनी आल्या आल्या मोजल्या, दोनशे अठ्ठ्याण्णव भरल्या. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला पोस्टमास्तर, आणि पोस्टमास्तरांच्या पलीकडे जुन्या सामानाचा दुकानदार, इस्त्रीचा शर्ट घालून. यंत्र माझं आहे, असं तो मागच्या रांगेला सांगत होता. लेकीचा क्रमांक आला. दिवे मंदावले, पियानो सुरू झाला, मागून धप्प आणि टक्क, बीट क्रमांक एकोणीसचेच, पण आता पियानोच्या चालीने जरा लंगडणारे. आणि त्यावर एक रुक्ष सरकारी आवाज, अठ्ठावीस. मग, तीस. सभागृहात हशा पिकला. काटेसाहेबांनी मान खांद्यांत घातली. तुकडा फिरून आला, अठ्ठावीस, आणि पोस्टमास्तरांना काही राहवेना. त्यांनी खणखणीत आवाजात मध्येच ‘एकोणतीस’ घातला. पुढच्या वेळी पाचपन्नास पोरांनी घातला. चौथ्या फेरीला सगळं सभागृह एका सुरात वजनमापे निरीक्षकाची चूक दुरुस्त करत होतं. पाचव्या फेरीला लेकीने हात वर करून त्यांना गप्प केलं आणि त्या रिकाम्या जागेत पाऊल टाकलं.

“तीन सेंटिमीटर भरले कमी, अन् बंद माझं दुकान,
आज एक आकडा तुमचा कमी, अन् ताठ माझी मान.”

कोणाला काही कळलं नाही, पण लोक टाळ्या वाजवत होते. काटेसाहेबांना मात्र ती जत्रा आठवली, सगळीच्या सगळी आठवली. फितींचे रंग आठवले, ध्वनिक्षेपकावरचा स्वतःचा आवाज आठवला, टेबलाखालची पोर आठवली. त्यांना फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं, आणि यातलं कोणतं किती, हे ठरवायला त्यांच्याजवळ माप नव्हतं. ते बायकोला काहीतरी सांगायला वळले. ती डोळे पुसत होती. म्हणाली, आता ऐका नुसतं.

लेकीचा तिसरा नंबर आला. परीक्षकांच्या गुणांची बेरीज एकदा बघून यावी म्हणून काटेसाहेब अर्धे उठले होते, पण बायकोने बाही धरून खाली बसवलं.

सोमवारी ते वेळेवर ऑफिसात गेले आणि पट्ट्याची फाईल मागवली. हेडक्लार्क बाईंनी ती पुढ्यात ठेवली आणि बाजूला, काही न विचारता, दुरुस्तीचं लाल पेन. खाडाखोड करायची, योग्य आकडा लिहायचा, पुढे छोटी सही. काटेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. अहवालातल्या त्या एकोणनव्वदकडे ते बराच वेळ बघत राहिले. बाहेर शिपाई कोणाला तरी साहेब कामात आहेत असं सांगत होता. मग त्यांनी टोपण परत लावलं आणि फाईल मिटली.

“काही बदल आहे का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” काटेसाहेब म्हणाले. “साधारण बरोबर आहे.”